कोणत्या पुराचा गाळ?

1929 साली इराकमधल्या उर या प्राचीन नगरीत पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांनी एक खोल खड्डा घेतला. काही फुटांवर खापरं संपली आणि नुसता स्वच्छ गाळ लागला. खणणारा मजूर म्हणाला, झालं, नदीचा तळ आला. वुलींनी पातळी मोजली. तळ इतका वर असणं शक्यच नव्हतं. त्यांनी मजुराला पुन्हा खाली उतरवलं. आठेक फूट गाळ उपसल्यावर परत रंगीत खापरं आणि गारेची हत्यारं! अर्थ काय, असं पत्नी कॅथरीनना विचारलं, तर त्या जाता जाता सांगून गेल्या की हा महापूरच, दुसरं काय. बायबलमधला नोहा सापडला म्हणून वर्तमानपत्रांनी त्या वर्षी दिवाळीच साजरी केली.

पुढे हिशेब लागेना. इराकमधल्याच किश आणि शुरुप्पाक या प्राचीन नगरांतही पुराचे थर निघाले, पण उरच्या थराशी त्यांचा काळ जुळला नाही. उरच्या शेजारच्या एरिदूत तर तसा थरच नाही. तैग्रिस-युफ्रेटिसचं खोरं सपाट. वसंतात अनातोलियाच्या डोंगरांतलं बर्फ वितळलं की नद्या पात्र सोडायच्या, कधी पात्रच बदलायच्या. जगबुडी तिथे पुन्हा पुन्हा येत असे. शुरुप्पाकचा थर मात्र इ.स.पू. 2900 च्या आसपासचा, आणि गिल्गमेशच्या महाकाव्यात पुरातून वाचायला नौका बांधणारा उत्नपिश्तिमही शुरुप्पाकचाच. आमचा कौल या थराला.

काळ्या समुद्राचा सिद्धान्त जास्त गाजला. साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचं पाणी बॉस्फरसमधून तिकडे कोसळलं, असं रायन आणि पिटमन या सागरी भूशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात मांडलं. भूवैज्ञानिकांत त्यावर अजून वाद आहे. आमची शंका साधी आहे: उत्नपिश्तिमचा पूर वादळी पावसाचा, आठवड्याभरात थांबणारा. मनूही, शतपथ ब्राह्मणात, पाणी उतरेल तसा डोंगरावरून खाली येतो. काळ्या समुद्राचं पाणी ओसरलंच कुठे?

गोष्टीतलं पाणी कसं आलं आणि कसं गेलं, हे आधी बघावं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे मका लोक सांगत, की समुद्र चढला आणि होड्या झाडांत अडकल्या. पाऊस नाही, नदी नाही. शास्त्रज्ञांना तिथे वाळूखाली गाडलेली दलदल सापडली, आणि 1699 च्या हंगामानंतर वाढ थांबलेले देवदार: मोठ्या भूकंपात जमीन खचून समुद्र आत आल्याच्या खुणा. तिकडे जपानच्या जुन्या दप्तरांत जानेवारी 1700 ची नोंद होती: भूकंप जाणवला नाही, लाट मात्र आली. त्यावरून उलटा हिशेब करून अमेरिकेतल्या त्या भूकंपाची वेळ ठरली, 26 जानेवारी 1700, रात्री नऊच्या सुमारास. आजीच्या गोष्टीला तारीखवार मिळाल्याचं दुसरं इतकं चोख उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

यंदाचा अंक अशाच पुरांचा आहे. चकलीच्या तेलकट बोटांनी उलटलात तरी आमची हरकत नाही. शुभ दीपावली!