विश्लेषण : यकृताच्या कर्करोगाची चाहूल रक्तातील प्रथिने देतील?

येवल्यात पैठणी विणणारा असो की कांदा पिकवणारा, त्याच्या रक्तात ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणू वीस वर्षे असू शकतो आणि त्याला पत्ताही नसतो. त्रास सुरू होतो तेव्हा अनेकदा यकृतातील गाठ मोठी झालेली असते.

धोका किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना ‘हिपॅटायटिस बी’ आणि ५५ लाख लोकांना ‘सी’ची बाधा होती. वर्षानुवर्षांच्या सुजेने यकृत निबर होते. यालाच सिरोसिस म्हणतात, आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. ‘बी’मध्ये तर सिरोसिस नसतानाही तो होतो.

आजची रक्तचाचणी अपुरी का?

‘अल्फा फीटोप्रोटीन’ हे प्रथिन साध्या सुजेतही वाढते, गर्भारपणातही वाढते. उलट गाठ लहान असताना ते अनेकदा सामान्यच दिसते. म्हणून जोखीम असलेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही सांगितली जाते.

नवे संशोधन काय करते?

मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रक्तातील शेकडो प्रथिने एकाच वेळी मोजते. विषाणूबाधित पण कर्करोग नसलेले आणि नुकताच कर्करोग झालेले, अशा दोन गटांतील फरक शोधला जातो. तुलना निरोगी माणसाशी केली, तर कर्करोगाऐवजी सुजेचीच खूण हाती लागेल. एका प्रथिनावर विसंबण्यापेक्षा अनेकांचा संच अधिक भरवशाचा ठरतो, अशी आशा आहे.

येवल्याला याचा काय उपयोग?

सोनोग्राफीला यंत्र लागते आणि तयार नजरही. रक्ताची बाटली मात्र सुमारे ८० किलोमीटरवरच्या नाशिकला सहज जाते. म्हणूनच अशी चाचणी महानगरांपेक्षा तालुक्यांना अधिक हवी. ती भारतीय रुग्णांवर पारखलेली आणि सरकारी रुग्णालयात परवडणारी असावी, हा आग्रह आत्ताच धरायला हवा.

पण पहिली पायरी कोणती?

आपल्याला बाधा आहे का, हे कळणे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिसची तपासणी व औषधे मोफत आहेत. लहान मुलांना लस मिळते, पण ती सरकारी लसीकरणात देशभर २०११ मध्ये पोहोचली. त्याआधी जन्मलेले असंख्य प्रौढ लसीविना राहिले. त्यांची तपासणी झाली नाही, तर उद्याची उत्तम चाचणी नेमकी कोणाची करायची, हेच कळणार नाही.