भिंतीचा रंग राहू द्या, रुग्णाला रात्री अंधार द्या!

नव्या हॉस्पिटलच्या जाहिरातीत 'मनाला शांत करणारी रंगसंगती' हमखास असते. फिकट हिरव्या भिंती, निळे पडदे. आणि त्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत रात्री दोन वाजता रुग्णाच्या डोक्यावर पांढरीशुभ्र ट्यूब जळत असते! याला मी आरोग्यसेवा म्हणणार नाही, ही नुसती सजावट आहे.

रंगाने मन शांत होते, याचा पुरावा तोकडा आहे. १९७९ साली अमेरिकेत सिॲटलच्या नौदल तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली. कैद्यांचा राग ओसरतो, असा गाजावाजा झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वित्झर्लंडच्या तुरुंगातील काटेकोर चाचणीत मात्र तसे काही दिसले नाही.

प्रकाशाची गोष्ट वेगळी आहे. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी मेंदूतील घड्याळाला दिवस आहे की रात्र, हे कळवतात. २००२ साली त्यांचे काम उलगडले. निळसर-पांढरा प्रकाश त्यांना सर्वांत जास्त जाणवतो. रात्री तो डोळ्यांवर पडला, की मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होते आणि झोप बिघडते.

"आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागले, सलाईन ओढतात," असे नातेवाईक घाबरून सांगतात. या भ्रमाची कारणे अनेक असतात: जंतुसंसर्ग, औषधे, रक्तातील क्षारांचा बिघाड. पण झोपमोड आणि दिवस-रात्र न कळणे, यांचाही त्यात वाटा असतो. आणि ही गोष्ट फुकटात सुधारता येते.

"सिस्टरला दिसायला दिवा नको का?" हवा ना! पण ज्या खाटेपाशी काम आहे तिथे, आणि काम होईपर्यंत. एका इंजेक्शनसाठी दहा रुग्णांना जागे का ठेवायचे?

रंगाचा खरा उपयोग साधा आहे. फिकट भिंतीमुळे उजेड पसरतो. संडासाचे दार आणि कठडा उठून दिसेल अशा रंगात असले, तर वृद्धांना ते चटकन सापडतात.

म्हणून नातेवाईकांनी एवढे जरूर विचारावे:

• शक्य असल्यास खिडकीजवळची खाट मिळेल का?
• दिवसा पडदे उघडे ठेवाल का?
• रात्री डोक्यावरचा दिवा मंद किंवा बंद कराल का?
• रुग्णाला सोसत असेल, तर डोळ्यांवर पट्टी चालेल का?
• समोर घड्याळ लावता येईल का?

दिवा स्वतः बंद करू नका, सिस्टरना विचारा. पण विचाराच. रात्रीचा अंधार ही चैन नाही, उपचाराचाच भाग आहे.