आरोग्याच्या चार गोष्टी : वजन उतरले, पण पंप पेलवेना



आज सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. दोनेक वर्षांपूर्वी याच सदरात मी सुटलेल्या पोटावर लिहिले होते. ‘कमी खा आणि रोज चाला’ एवढेच त्या लेखाचे सार होते. लेखावर बरीच पत्रे आली, मलाही बरे वाटले. पण तो सल्ला अर्धा होता, आणि अर्धा सल्ला कसा अंगाशी येतो ते आमच्या पंचक्रोशीतल्या एका कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्याने मला दाखवून दिले.

गृहस्थांचे वय पंचेचाळीस, उंची साडेपाच फूट, वजन ८४ किलो, कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. रक्तातली साखर नुकतीच वाढू लागली होती. याच दुखण्यापायी वडिलांच्या पायाचे बोट काढावे लागलेले त्यांनी पाहिले होते, त्यामुळे ते चांगलेच धास्तावले होते. त्यांनी माझा लेख कापून भिंतीला चिकटवला आणि मनावर घेतले. रात्रीचे जेवण बंद. दुपारी दोन भाकरी, ठेचा आणि पातळ आमटी. पहाटे पाटाच्या कडेने पाच किलोमीटर चालायचे. चार महिन्यांत वजन ७० वर आले, साखर आटोक्यात आली. गावात सत्कार व्हायचा तेवढा राहिला!

मग एके दिवशी दोघे नवराबायको दवाखान्यात आले. ‘डाक्टर, वजन उतरलं, साखरबी उतरली. पण सोळा लिटरचा पंप पाठीवर घेतला की पाय लटपटत्यात. परवा बांधावरून पंपासकट खाली गेलो.’ कारभारीण बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘ह्यांच्या दंडात आता माझी बांगडी जाईल, डाक्टर. पोट मात्र अजून हाय तितंच हाय.’

पोट अगदी तितकेच नव्हते. घेर ९५ वर आला होता. पण बाईंचे म्हणणे खोटे नव्हते. दंड आणि मांड्या जितक्या वाळल्या, त्या मानाने पोट कमी झाले नव्हते.

असे का झाले? आपण वजनकाट्यावर उभे राहतो तेव्हा काटा सगळ्याचे मिळून एकच वजन सांगतो. हाडे, पाणी, मांस, चरबी, सगळे एकाच पोत्यात. पोटाला कमी पडू लागले की शरीर साठवलेली चरबी मोडते, पण त्याबरोबर थोडे मांसही मोडते. नुसते जेवण तोडून उतरवलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो. ताटात डाळ-कडधान्य नसेल आणि अंगाला जड उचलण्याची सवय राहिली नसेल, तर हा हिस्सा आणखी वाढतो. आमच्या या गृहस्थांचे असेच झाले. शेतकऱ्याचे पाय आणि पाठ म्हणजे त्याचे भांडवल. पोटाची वसुली मी त्या भांडवलातून करून दिली होती.

पोट उतरवायला तीन गडी लागतात: ताट, जोर-बैठका आणि चालणे. तिघांची कामे वेगवेगळी आहेत. एकाचे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकले की घोटाळा होतो.

पहिला मान ताटाचा. चरबी कमी होते ती मुख्यतः ताटात. हे पटायला जड जाते, कारण आपल्याला वाटते की घाम गाळला म्हणजे चरबी गळाली. एक हिशेब करून पाहा. सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २४० उष्मांक देते. उष्मांक म्हणजे अन्नातली ऊर्जा मोजण्याचे माप. आता ६५ किलोचा माणूस झपाझप तासभर चालला तर त्याचे सव्वादोनशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. म्हणजे तासभराची पायपीट आणि एक भाकरी यांची बरोबरी झाली! अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. ती नुसत्या चालण्याने उतरवायची तर महिनाभर रोज तासभर चालायला हवे, आणि त्या महिन्यात घासभरही जास्त खाता कामा नये. चालून आल्यावर भूक लागते, ती वेगळीच.

‘अहो, पण आम्ही तर दिवसभर शेतात राबतो, मग पोट सुटतेच कसे?’ असे कितीतरी पत्रांत विचारलेले असते. एक उत्तर उघड आहे. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागी पंप आला, शेतावर जायला मोटारसायकल आली, जाते अडगळीत गेले. पण दुसरे उत्तर मोठे नवलाचे आहे. आफ्रिकेतल्या टांझानियात हाडझा नावाचे लोक आजही कंदमुळे खणून आणि शिकार करून राहतात. त्यांचे पुरुष दिवसाला अकरा किलोमीटरच्या आसपास चालतात. अमेरिकेतले संशोधक हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा रोजचा ऊर्जेचा खर्च मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचा आकार जमेस धरला तर तो खुर्चीत बसून काम करणाऱ्या गोऱ्या मंडळींपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर मोठे हिशेबी आहे. एका हाताने खर्च वाढला की दुसरीकडे काटकसर करून ते बराचसा मेळ बसवते. तेव्हा ‘मी राबतो, मला काही होत नाही’ या भरवशावर राहू नये.

मग ताटात करायचे काय? उपाशी राहू नका, एवढे आधी. आपल्याकडच्या ताटात दोन जागी चोरी होते. पहिली तेलाच्या डब्यात. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल संपत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम पडते, म्हणजे ३०० उष्मांक. हे तेल कुणी पीत नाही. तर्री, भजी आणि फोडणीतून ते नकळत जाते. दुसरी चोरी चहात. दिवसाला सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हटली, तर दूध सोडून २४० उष्मांक झाले. म्हणजे पुन्हा एक भाकरी, आणि तीही पोट न भरणारी. गूळ घातल्याने यात फरक पडत नाही; चरबीच्या हिशेबात गूळ आणि साखर सख्ख्या बहिणी. उपासाचेही तसेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टपदार्थ, त्यावर तूप आणि दाण्याचे कूट. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या आज्या उगीच म्हणत नव्हत्या. माय-बहिणींची आणखी एक अडचण असते. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात उरलेले ‘वाया कशाला घालवा’ म्हणून त्या संपवतात. ते गाई-म्हशीला गेले तर वाया जात नाही.

हे काढा, आणि त्या जागी प्रथिने घाला. अंगावरचे मांस टिकवायचे ते त्यांच्यावर. वजन उतरवत असताना किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने रोज पोटात जावीत. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ८० ग्रॅम. घरचेच मोजू. तीन भाकरींतून २० च्या आसपास, दोन मुठी मटकी किंवा हुलग्याच्या उसळीतून १२, घट्ट वरणातून तितकीच, दोन अंड्यांतून १२, अर्धा लिटर दूध किंवा दह्यातून १६. झाली सत्तरी पार. अंडी न खाणाऱ्यांनी उसळ आणि दही वाढवावे. शेंगदाणा प्रथिनांना चांगला, पण तो तेलबी आहे हे विसरू नये. एक मूठ पुरे. बाजारात आठवड्याला पोट उतरवणाऱ्या पावडरी विकायला येतात. त्यांतल्या काहींनी जुलाब होतात आणि पाणी जाते. काट्यावर दोन किलो कमी दिसतात, अन् दुसऱ्या दिवशी परत येतात. पैसे मात्र येत नाहीत.

दुसरा गडी म्हणजे जोर-बैठका. त्यांचे काम चरबी जाळण्याचे नाही, मांस राखण्याचे आहे. आपण राबवतो ते मांस शरीर सहसा मोडत नाही. शिवाय रक्तातली साखर सगळ्यांत जास्त रिचवतात ते स्नायूच, म्हणून साखरेच्या रोग्याला त्यांची किंमत दुप्पट. ‘शेतकाम हाच व्यायाम’ म्हणणाऱ्यांना सांगतो: खुरपणी कंबर मोडते, पण मांड्या घडवत नाही. ताकद वाढायला थोडे थोडे वाढणारे ओझे लागते.

साधने घरातच आहेत. बाजेवरून हात न टेकता उठा, बसा. पुढे पूर्ण बैठका. ओट्याला हात टेकून जोर, पुढे जमिनीवर. दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या घेऊन अंगणात फेऱ्या. अर्धे पोते पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकून उचला आणि ठेवा. प्रत्येक प्रकार आठ-बारा वेळा, दोन-तीन खेपा, एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सोप्या वाटू लागल्या की ओझे वाढवा. श्वास कोंडून धरू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. आणि पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, हेही सांगून ठेवतो. ती कुठून जायची ते शरीर ठरवते.

पण हा गडी एकटा काय करतो तेही पाहा. कोल्हापूर-सांगलीकडे कुस्ती सोडलेले कितीतरी पैलवान दिसतात. तालीम सुटली, खुराक सुटला नाही, आणि बघता बघता अंगाची चरबी झाली. तालीम चालू असतानाही खुराक जास्त झाला की चरबी चढतेच. अंगाखाली ताकद असते म्हणून ती कुणी बोलून दाखवत नाही.

तिसरे चालणे. वर मी त्याला जरा कमी लेखले, पण त्याचे काम निराळे आहे. हृदयाचा दम वाढतो, रक्तदाब उतरतो, आणि आतड्यांभोवती व यकृतात बसलेली घातकी चरबी चालण्याने कमी होते, काटा हलला नाही तरीही. उतरलेले वजन टिकवायलाही हाच उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप आठवड्याला निदान १५० मिनिटे आणि त्याखेरीज दोन दिवस ताकदीचे व्यायाम, असे आहे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखरेला फार चांगली.

आता हे सगळे कुणी करायचे? काट्यावर विसंबू नका, शिंप्याचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मापा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बायकांचा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या आत असावा. हडकुळ्या माणसांनीही मापावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच माप ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे; पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसतो बारीक, पण आत चरबी बाळगून असतो.

ज्यांना हा लेख लागू नाही तेही सांगतो. दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बायांनी यातले एकही जेवण तोडू नये. त्यांना जास्त खायला हवे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही नाही. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये, साखर एकदम उतरून चक्कर येते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने वाढवण्याआधी विचारा. चढावर छातीत भरून येत असेल, तर आधी तपासणी आणि मगच बैठका.

आमच्या कांदेवाल्या गृहस्थांचे मी रात्रीचे जेवण पुन्हा सुरू केले: एक भाकरी, वाटीभर उसळ, दही. सकाळी दोन अंडी. चहा तीन कप, साखर अर्धा चमचा. चालणे आठवड्यातून चार दिवस, आणि उरलेल्या तीन दिवशी गोठ्यासमोर बैठका आणि कळश्या. दोन महिन्यांनी काट्यावर उभे राहिले तर वजन किलोभर वाढलेले. चेहरा उतरला. टेप लावला तर घेर दोन सेंटिमीटर कमी! सहा महिन्यांनी वजन ७२, म्हणजे दोन किलो जास्तच, आणि घेर ९१. अजून एक सेंटिमीटर बाकी आहे. साखर ठीक आहे. यंदा कांद्यावरची फवारणी त्यांनी स्वतः केली. माझा जुना लेख त्यांच्या भिंतीवर अजून आहे. तो काढून हा लावा, असे मी त्यांना सांगितले आहे.

तुमच्या घरातल्या प्रत्येकाचा घेर मापून, वय आणि रोजचे काम लिहून कळवा. पुढच्या अंकात गुडघेदुखी असणाऱ्यांनी बैठकांऐवजी काय करावे ते पाहू.