गंध टर्पीनांचा, दावा मनःस्थितीचा

चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडी हे औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. त्याच्याजवळच, राष्ट्रीय महामार्ग १६ वरील एळावूर तपासणी नाक्यावर, आंध्रातून येणारा गांजा पकडला गेल्याचे वृत्त वारंवार येते. अशा कामी प्रशिक्षित श्वान ज्या गंधाचा माग काढतात, त्यातील एक मुख्य घटक कॅरिओफिलीन ऑक्साइड हा मानला जातो. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य मात्र जवळजवळ गंधहीन असते. वास एका द्रव्याचा आणि नशा दुसऱ्याची, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली तर गांजाच्या सुगंधाविषयी सध्या केल्या जाणाऱ्या अनेक दाव्यांची पारख करणे सोपे जाते.

गांजाच्या मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींत टीएचसीबरोबरच टर्पीन वर्गातील बाष्पशील द्रव्ये तयार होतात. जेथे गांजाची विक्री कायदेशीर आहे, त्या अमेरिकेच्या काही राज्यांतील व कॅनडासारख्या देशांतील बाजारपेठेत या टर्पीनांना मनःस्थिती वाटून दिलेल्या आढळतात. लिमोनीन असलेला वाण उल्हास देतो, मायर्सीनचा वाण गुंगी आणतो, लिनॅलूल मन शांत करते आणि पायनीन स्मरण सावध ठेवते, असे वेष्टनांवर सुचवले जाते. समाजमाध्यमांतून हीच वाक्ये आपल्याकडील तरुण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतात आणि ‘असा वाण लावला तर?’ हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यापुढे येतो. त्याचे उत्तर पुराव्यानिशी दिले गेले पाहिजे.

पुरावा काय सांगतो? टर्पीने आणि टीएचसी एकमेकांचा परिणाम घडवतात, ही कल्पना ईथन रूसो यांनी २०११ मध्ये एका समीक्षालेखात विस्ताराने मांडली. ती गृहीतक म्हणून विचारार्ह आहे. २००८ मध्ये बीटा-कॅरिओफिलीन हे शरीरातील सीबी-२ या ग्राहीशी जोडले जाते, असे दिसून आले. परंतु नशेचा संबंध मुख्यतः सीबी-१ या ग्राहीशी आहे. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गांजातील सहा प्रमुख टर्पीने पेशींवर तपासली. त्यांच्यामुळे या दोन ग्राहींवरील टीएचसीच्या कार्यात बदल आढळला नाही. याउलट २०२४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगात, टीएचसीच्या मोठ्या मात्रेबरोबर लिमोनीनची वाफ दिली असता चिंता व संशयाची भावना कमी झाली. मात्र त्यात सहभागी व्यक्ती अवघ्या २० होत्या, आणि लिमोनीन शुद्ध स्वरूपात मोजून दिलेले होते. एवढ्या आधारावर एखाद्या वाणाला ‘उल्हासाचा वाण’ म्हणता येत नाही. माणसाला काय वाटेल हे टीएचसीची मात्रा, सेवनाची सवय, प्रकृती आणि मनातील अपेक्षा यांवर फार मोठ्या प्रमाणात ठरते.

वाणाच्या नावाचीही तीच गत आहे. ‘इंडिका’ म्हणजे शांत आणि ‘सॅटिव्हा’ म्हणजे उत्साही, ही विभागणी २०२१ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकातील अभ्यासात तपासली गेली. नावाचा एकूण आनुवंशिक जवळिकीशी फारसा मेळ बसला नाही. थोडासा संबंध दिसला तो मायर्सीनसारख्या काही टर्पीनांशी, म्हणजेच वासाशी. शिवाय टर्पीनांचे प्रमाण स्थिर नसते. ऊन, कापणीची वेळ, वाळवण आणि साठवण यांनुसार ते बदलते. हलकी टर्पीने तर आधीच उडून जातात. गवती चहा किंवा तुळशीचे तेल काढणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याविना भांगेच्या झाडाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तूर-कपाशीच्या ओळींत चार झाडे दडवणाऱ्याचे सारे कुटुंब त्यात ओढले जाते. तंतू व बियांसाठी लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार याच कायद्याने शासनाला दिला असून उत्तराखंडाने २०१८ पासून त्या दिशेने पाऊल टाकले. औद्योगिक भांगेवर संशोधन व्हावे, ही मागणी रास्त आहे. पण ते काम परवानाधारक संस्थांचे आहे, एकट्या शेतकऱ्याने स्वतःच्या जोखमीवर करण्याचे नव्हे.

महत्त्वाची गोष्ट ही की, ज्या टर्पीनांचे एवढे कौतुक होते ती गांजाची मक्तेदारी नाहीत. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन असते, धण्याच्या तेलात लिनॅलूल प्रमुख असते, मिरी व लवंगेत कॅरिओफिलीन असते आणि आंब्याच्या अनेक जातींत मायर्सीन आढळते. नागपुरी संत्र्याची साल प्रक्रिया केंद्राबाहेर कुजत पडत असेल, तर लिमोनीनसाठी निषिद्ध पिकाकडे पाहण्याचे कारण उरत नाही. सीएसआयआरच्या अरोमा मिशनमुळे सुगंधी पिकांची रोपे, ऊर्ध्वपातन संयंत्रे आणि प्रशिक्षण अनेक राज्यांत पोहोचले आहे. विस्तार यंत्रणेने शेतकऱ्याचे कुतूहल तिकडे वळवावे.

तेथेही सावधगिरी हवीच. सुगंधी तेल विकताना ‘ताण घालवते’, ‘झोप आणते’ अशी आश्वासने देण्याचा मोह टाळावा. तेलाची किंमत त्याच्या घटकांच्या प्रयोगशाळा-अहवालावर ठरावी. लागवडीपूर्वी खरेदीदार, तेलाचा उतारा आणि जळणाचा खर्च यांचा हिशेब मांडावा. गंधाला मोल आहे, आणि ते मोजता येते. मनःस्थितीचे मोजमाप अजून विज्ञानालाही नीट साधलेले नाही. त्याच्या भरवशावर शेतकऱ्याने आपले वावर आणि आपले स्वातंत्र्य पणाला लावू नये.