टोकन देण्याआधी आठ दिवस थांबा

दसरा-दिवाळीचे दिवस घर घेणाऱ्यांसाठी सर्वांत धोक्याचे असतात. मुहूर्त असतो, बोनस हातात असतो, रस्त्यारस्त्यावर ‘शेवटचे चार फ्लॅट’ असे फलक लागलेले असतात. साइट ऑफिसमध्ये बसलेला मुलगा सांगत असतो, की हा दर आज संध्याकाळपर्यंतच आहे. मग सॅम्पल फ्लॅट पाहून भारावलेलं कुटुंब तिथेच एक लाखाचं टोकन देऊन येतं. कागद नंतर बघू, असं ठरतं. या सणात घर ठरवणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे: टोकन देण्याआधी आठ दिवस थांबा, आणि त्या आठ दिवसांत प्रत्येक कागद ज्या कार्यालयाने दिला त्याच कार्यालयातून स्वतः तपासा. बिल्डरने किंवा एजंटने दिलेली झेरॉक्स हा पुरावा मानू नका.

हे इतक्या कळकळीने सांगण्याचं कारण डोंबिवलीत आहे. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या नावाने खोट्या बांधकाम परवानग्या तयार केल्या गेल्या. त्या महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, सादर झाल्या आणि त्यांच्या जोरावर नोंदणी क्रमांक मिळाले. लोकांनी तो क्रमांक पाहून विश्वास ठेवला, कर्जं काढली, करार नोंदवले आणि राहायला गेले. २०२२ मध्ये हा प्रकार उघडकीला आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेव्हापासून तिथली कुटुंबं राहत्या घरासाठी सरकारदरबारी खेटे घालत आहेत. या माणसांनी कुणाची जागा बळकावली नव्हती. त्यांनी आयुष्यभराची कमाई मोजून घर घेतलं होतं, आणि कर्जाचा हप्ता कुणाला चुकत नाही.

त्याच सुमारास नालासोपाऱ्यात डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या. तिथे वर्षानुवर्षं माणसं राहत होती. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये मंजुरीपेक्षा जास्त चढवलेल्या मजल्यांवरचे रहिवासी तर पंचवीसेक वर्षं तिथे होते. तरी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलासा दिला नाही. अनेक वर्षं राहिलं म्हणजे घर कायदेशीर होतं, ही समजूत मनातून काढून टाका.

महारेराचा क्रमांक बघायचाच आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकताच येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असलाच पाहिजे. एजंटलाही स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, तो निःसंकोच विचारा. पण क्रमांक पाहून थांबू नका. संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान उघडा आणि मंजूर नकाशा, जमिनीचा कायदेशीर अहवाल, चालू असलेले दावे, जमिनीवरचं कर्ज आणि पूर्ण करण्याची तारीख वाचा. तारीख किती वेळा पुढे ढकलली गेली, तेही तिथे दिसतं. मग तिथल्या बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहून घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. हा क्रमांक तुमचाच आहे का, किती मजल्यांना मंजुरी आहे, एवढे दोनच प्रश्न विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्याच्या उत्तराला महिना लागू शकतो, आणि मग थांबणंही महिन्याचं होईल. वीस वर्षांच्या कर्जापुढे एक महिना फार नाही.

शहराच्या कडेला, जिथे घरं स्वस्त मिळतात, तिथे आणखी सावध राहा. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’ हे वाक्य तिथे हमखास ऐकू येतं. पाच-सात मजली इमारतीला ग्रामपंचायतीचा शिक्का पुरत नाही. तिथलं नियोजन प्राधिकरण कोणतं, ते शोधा आणि मंजुरी त्याचीच मागा. घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल दाखवून कुणी तुमची समजूत घालत असेल, तर लक्षात ठेवा की अनधिकृत बांधकामालाही कर लागतो आणि मीटरही मिळतो.

जमिनीचा सातबारा आता घरबसल्या, डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. शहरात असेल तर मालमत्ता पत्रक काढा. फक्त मालकाचं नाव बघू नका, ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, न्यायालयाचा मनाई आदेश अशा गोष्टी तिथेच सापडतात. भोगवटादार वर्ग २ असं लिहिलेलं असेल, तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. अशा जमिनीवरचा प्लॉट ‘गुंठ्यात’ विकणारे महाराष्ट्रभर आहेत. पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद किंवा नुसतं कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. गावाकडून शहरात आलेली, रिक्षा चालवणारी, धुणीभांडी करणारी माणसं याच कागदावर सगळी पुंजी घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या कुणी प्लॉट घेणार असल्याचं सांगितलं, तर कौतुक करा आणि लगेच विचारा, की सातबारा कुणी वाचून पाहिला का.

नोंदणी झाली म्हणजे मालकी शुद्ध झाली, असंही नाही. दुय्यम निबंधक कार्यालय दस्त नोंदवतं, विकणाऱ्याच्या मालकीची हमी घेत नाही. म्हणून स्वतंत्र वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घ्या. तो वकील बिल्डरने सुचवलेला नसावा. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे सगळं ठीक आहे, हा भरवसाही डोंबिवलीत कामाला आला नाही.

आता पैशांचं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हा कायदा आहे, बिल्डरची मेहेरबानी नाही. ‘पंचवीस टक्के भरा, मग करार करू’ असं ऐकलं की उठा आणि बाहेर या. किंमत कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रफळावरच ठरवा, सेलेबलचा फुगवलेला आकडा कानाआड करा. पार्किंगची जागा कुठली आणि केवढी, ते करारात लिहून घ्या. उघडी जागा बिल्डरला विकता येत नाही. करारातली ताबा देण्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर दिलेल्या तारखेशी जुळवून पाहा. बजेट मांडताना सध्या मुंबईत सहा आणि पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क धरा. घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत आहे. वर एक टक्का नोंदणी शुल्क येतं, पण ते तीस हजारांच्या वर जात नाही.

आणि रोख देऊ नका. ‘थोडे कॅश, थोडे चेकने’ हे आपल्याकडे इतकं रुळलं आहे, की नाही म्हणणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पण दंडाहून मोठी अडचण वेगळी आहे. व्यवहार फिसकटला तर रोख दिलेल्या पैशांची कुठेच नोंद नसते, आणि नोंद नसलेले पैसे महारेरा, ग्राहक आयोग किंवा न्यायालय यांपैकी कुणालाही सहजी परत मिळवून देता येत नाहीत.

जुन्या सोसायटीतलं घर घेणाऱ्यांनी आधी भोगवटा प्रमाणपत्र मागावं. ते नसेल तर पाण्याची जोडणी, कर्ज, पुढची विक्री आणि पुनर्विकास सगळंच अडतं. त्यानंतर पहिल्या खरेदीपासून आजवरचे सगळे करार, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला बघा. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे की सोसायटीच्या नावाने अभिहस्तांतरण झालं आहे, तेही विचारा. मूळ मालक वारले असतील, तर इथे सर्वाधिक फसगत होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. थोरला मुलगा नॉमिनी म्हणून सह्या करतो, खरेदीखत होतं आणि दोन वर्षांनी सासरी गेलेली बहीण आपला हिस्सा मागते. ती बरोबरच असते. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्रं असल्याशिवाय पुढे जाऊ नका. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल, तर त्यातला एक टक्का कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. विकणारा परदेशात स्थायिक असेल तर कराचा दर बराच जास्त असतो आणि किमतीची ही मर्यादाही लागू होत नाही. हे विसरलात तर नोटीस तुम्हालाच येईल.

घर विकणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, कारण घाई त्यांनाही महागात पडते. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद तीस दिवसांत परत करायचे असतात, उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो वापरा. पूर्ण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत चावी देऊ नका. ‘भाड्याने राहतो, पैसे पुढच्या महिन्यात’ ही सोयही लेखी कराराशिवाय नको. एजंटला कोऱ्या कागदावर किंवा सर्वाधिकार देणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही देऊ नका. वयस्कर मंडळींनी अशा बोलणीच्या वेळी मुलाला, सुनेला किंवा शेजारच्या विश्वासू माणसाला सोबत बसवावं. अमेरिकेत किंवा आखातात राहून आई-वडिलांचं पुण्या-नाशिकचं घर विकणाऱ्यांनी मुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवावं आणि त्यात फक्त त्या एकाच घराचा, त्याच व्यवहाराचा अधिकार द्यावा.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांकडे एक मागणं आहे. हस्तांतरणाचं प्रीमियम जास्तीत जास्त पंचवीस हजार ठरलेलं असताना ‘देणगी’च्या नावाखाली लाखांत रक्कम मागू नका आणि ना हरकत दाखल्यासाठी कुणाला अडवून ठेवू नका. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र नसेल, तर घर बघायला आलेल्या माणसाला ते खरं सांगा. विकणारा शेजारी नाराज होईल, होऊ द्या.

ज्यांनी पैसे आधीच दिले आहेत आणि आता पोटात गोळा आला आहे, त्यांनी गप्प बसू नये. ताबा ठरलेल्या तारखेला मिळाला नाही, तर पैसे व्याजासह परत मागण्याचा किंवा प्रकल्पात राहून उशिराचं व्याज घेण्याचा हक्क आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिथे सलोखा मंचही आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्ग दाखवतात. बनावट परवानगीचा संशय असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. त्याच इमारतीतल्या इतर खरेदीदारांना शोधून एकत्र जा. टोकनची पावती, बँकेचं स्टेटमेंट, बिल्डरचे मेसेज आणि जाहिरातीचा फोटो आज रात्रीच एका फाइलमध्ये लावून ठेवा.