वादळाचे नाव ‘निसर्ग’ होते, साफसफाईचे नव्हे

‘वादळ जात बघत नाही’ हे वाक्य आम्ही 3 जून 2020 नंतरच्या महिनाभरात इतक्या वेळा ऐकले, की शेवटी ते म्हणणाऱ्याचे घर कुठल्या आळीत आहे हे विचारायला लागलो. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा, आणि वर कोरोनाचे लॉकडाऊन. रायगडात श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि रत्नागिरीत दापोली, मंडणगड (बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले) अक्षरशः उघडे पडले. कौले, पत्रे, नारळी-पोफळी, विजेचे खांब, सगळे आडवे. वाऱ्याने जात बघितली नाही, मान्य. पण दुसऱ्या दिवशी जेसीबी आधी कुठे न्यायचा, हे वाऱ्याने ठरवले नव्हते. ते नगरपरिषदेत ठरले.

आम्ही तेव्हा धान्य आणि ताडपत्र्या घेऊन किनाऱ्यावरच्या एका छोट्या शहरात होतो. पहिले दोन दिवस मुख्य रस्ता मोकळा केला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. रुग्णवाहिका आणि लाइनमनची गाडी आधी गेलीच पाहिजे. प्रश्न तिसऱ्या दिवसापासूनचा आहे. आधी बाजारपेठ, मग देवळाचा रस्ता, मग लॉज असलेली समुद्राकडची बाजू. (लॉकडाऊनमध्ये पर्यटक कुठून येणार होते, कोण जाणे.) बौद्धवाडीच्या तोंडावर पडलेले आंब्याचे झाड अकराव्या दिवशीही तिथेच होते. शेवटी वाडीतल्या पोरांनी कोयते-कुऱ्हाडी घेऊन स्वतः वाट पाडली.

आणि याच वाडीतली माणसे पहिल्या सकाळपासून कुठे होती? शहरात, दुसऱ्यांच्या दारातला राडा उचलत. फुगलेली जनावरे, तुंबलेली गटारे, फुटलेल्या शौचालयांची घाण. हातमोजे नाहीत, बूट नाहीत. एका ताईच्या पायात पत्रा घुसला. धनुर्वाताचे इंजेक्शन तिने स्वतःच्या पैशाने घेतले, कारण ती ठेकेदाराची कामगार, आणि ठेकेदाराच्या मस्टरवर तिचे नावच नव्हते. संध्याकाळी ती घरी परतायची ती त्याच पडलेल्या झाडावरून चढून. जिने शहराचा रस्ता साफ केला, तिच्या घराचा रस्ता शहराने साफ केला नाही.

पुढे या कामगारांना ‘स्वच्छतादूत’ म्हणून शाल-श्रीफळ दिले गेले, फोटो निघाले. आम्हाला त्या नारळाचा राग आहे. ज्याच्या मजुरीचा हिशेब द्यायचा नसतो, त्याचा सत्कार करायचा ही फार जुनी युक्ती आहे. बाबासाहेबांनी ती ओळखली होती. सफाईच्या कामाला पुण्यकर्म म्हणणाऱ्यांची त्यांनी सडकून चिकित्सा केली, आणि 1935 साली मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभा केला. त्यांना माणसाला कामगार म्हणून हक्क हवे होते, दूत म्हणून हार नको होते.

भरपाईचेही तेच. बागायतीला हेक्टरी 50 हजार जाहीर झाले. बागमालकाला मिळाले पाहिजेत, पोफळीची बाग पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात. पण त्याच बागेत झाडावर चढून सुपारी उतरवणाऱ्या भूमिहीन गड्याची तितकीच वर्षांची मजुरी गेली, आणि हेक्टरच्या हिशेबात तो बसतच नाही. सातबारा नसलेल्याचे नुकसान पंचनाम्यात मावत नाही.

काही मित्र म्हणतात, प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 चे कलम 61 वाचा. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे संसदेनेच लिहून ठेवले आहे. असे होत नसते तर कलम कशाला लागले असते? कलम 41 प्रमाणे आपत्तीनंतरचे मदतकार्य, पुनर्वसन ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही.

अडचण एवढीच, की भेदभाव सिद्ध करायला कागद लागतो. आमचीही चूक झाली. आम्ही ताडपत्र्या वाटत राहिलो, निवेदने देत राहिलो, आणि तारखांची नोंद कोणीच ठेवली नाही. मुख्याधिकारी ‘सर्व प्रभागांत समान काम झाले’ म्हणाले तेव्हा आमच्या हातात मोबाइलमधले चार फोटो होते.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, पुढच्या वादळानंतर (आणि ते येणार आहे, वर्षभराच्या आत तौक्ते आलेच) धान्याच्या किटसोबत वही घेऊन जा. कुठल्या प्रभागात जेसीबी कुठल्या दिवशी आला, राडा उचलून कुठे टाकला, कोणाच्या वस्तीशेजारी टाकला, ते लिहा. मग माहिती अधिकारात जेसीबीचे लॉगबुक, ट्रॅक्टरच्या खेपा, डिझेलची बिले, ठेकेदाराचे हजेरीपत्रक आणि सुरक्षा साहित्याच्या खरेदीची बिले मागा. डिझेलच्या बिलावर तारीख असते. ती आपल्या वहीतल्या तारखेशेजारी ठेवा. अर्जाची फी 10 रुपये आहे आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. आम्ही आमच्या भागातल्या नगरपरिषदेला यंदा पावसाळ्याआधीच अर्ज दिला आहे: तुमच्या आराखड्यात बौद्धवाडी कितव्या क्रमांकावर आहे, ते लेखी कळवा.

जय भीम.