एकेरी नांवाचें ऋण

यंदाच्या गणेशोत्सवांत, गौरीजेवणाच्या दिवशीं, दुपारचीं पानें उरकून घरांतील सारी मंडळी बैठकीच्या खोलींत दूरचित्रवाणीसमोर जमली होती. १९८८ सालचा 'अशी ही बनवाबनवी' हा चित्रपट चालू होता. आमच्या घरांत तो कोणीं कितीदां पाहिला, याची गणना करणें व्यर्थ होय. पुढें काय होणार हें सर्वांस ठाऊक. कोण काय बोलणार हेंहि पाठ. तरी लक्ष्मीकांत बेर्डे पार्वतीच्या सोंगांत पदर सांवरीत पुढें आले मात्र, शहाऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्रींपासून चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत कोणालाच हंसूं आवरेना.

आमच्या धाकट्या बंधूंचा नऊ वर्षांचा नातू तर सतरंजीवर गडबडां लोळत होता. लोळतां लोळतां तो एकदम उठून बसला आणि मातोश्रींस म्हणाला, "पणजी, लक्ष्या आतां कुठं असतो गं? आपल्या गांवांत त्याचं नाटक येईल का?"

खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मातोश्रींनीं त्याला जवळ ओढून घेतलें व म्हटलें, "अरे, तो गेला. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीं."

मुलाचा चेहरा उतरला. "मग मला कोणीच कसं सांगितलं नाहीं?" एवढेंच तो म्हणाला, आणि उरलेला चित्रपट त्यानें मुळींच न हंसतां पाहिला.

वाचकहो, जो मनुष्य जाऊन वीसांहून अधिक वर्षें लोटलीं, त्याचें सुतक एका बालकाला त्या दुपारीं लागलें. तेव्हांपासून हा विषय आमच्या मनांत घोळत आहे. ज्याच्या घरीं आपण कधीं पाण्याचा पेला घेतला नाहीं, ज्यानें आपलें नांवहि कधीं ऐकलें नाहीं, अशा विनोदी नटासाठीं हजारों घरें हळहळतात तीं कां?

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीं मुंबईंत मूत्रपिंडाच्या विकारानें वारले. वयाचीं पन्नास वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं. वार्ता आली तेव्हां प्रथम आमचा विश्वासच बसेना. विनोदी नटाची गोष्ट म्हटली कीं तींत शेवटीं कांहीं तरी गंमत निघणारच, अशी मनाला संवय लागलेली असते. ह्या गोष्टींत गंमत निघाली नाहीं. शेजारच्या वहिनी वाटी परत करण्यास आल्या त्या दारांतूनच म्हणाल्या, "अहो, लक्ष्या गेला!" वाण्याच्या दुकानीं तेंच, गाडीच्या डब्यांत तेंच. आडनांव कोणी घेत नव्हतें. घेण्याची कोणाला गरजहि वाटत नव्हती.

ह्या मनुष्यानें तें नांव कष्टानें मिळविलें होतें. गिरगांवांतील मुंबई मराठी साहित्य संघांत नोकरी करीत असतां त्यांनीं लहानसहान भूमिकांपासून आरंभ केला. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टूरटूर' ह्या नाटकानें १९८३-८४ च्या सुमारास त्यांस प्रकाशांत आणलें. मग १९८४ सालीं 'लेक चालली सासरला', १९८५ सालीं महेश कोठारे यांचा 'धूमधडाका', १९९३ सालीं बोलक्या बाहुल्याचा 'झपाटलेला'. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' ह्या चित्रपटांनीं त्यांस हिंदी प्रेक्षकांच्याहि घरांत नेऊन बसविलें. कोठारे यांच्या चित्रपटांत तर पात्राचें नांवच लक्ष्या असे. त्यामुळें नट कोठें संपला व पात्र कोठें सुरू झालें, हें पाहणाराला कळेनासें झालें.

आमचे वडील त्या वेळीं हयात होते. त्यांचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेलेला. असले चित्रपट लागले कीं ते "काय हा पाचकळपणा!" असें म्हणून पुस्तक घेऊन आंतल्या खोलींत जात. दार मात्र पुरतें लावीत नसत, आणि योग्य त्या जागीं आंतूनहि हंसण्याचा आवाज येई, हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्तमानपत्र उघडून ते हळूच म्हणाले, "बेर्डे गेले."

आम्ही म्हणालों, "बाबा, लक्ष्या गेला म्हणा. बेर्डे म्हटलं तर कुणाला कळायचं नाहीं."

त्यांनीं चष्मा काढून ठेविला. "ज्यानं वीस वर्षं तुम्हांला हंसवलं, त्याला मेल्यावर तरी 'ते' म्हणा."

मातोश्री तांदूळ निवडीत होत्या. त्या मान वर न करतांच म्हणाल्या, "मी नाहीं बाई म्हणायची. घरातल्या पोराला कुणी अहो-जाहो करतं का? 'ते गेले' म्हटलं कीं परका होतो तो."

पुढें कोणी बोललें नाहीं. त्या दिवशीं आम्ही मनानें मातोश्रींच्या पक्षाचे होतों. आज आम्ही तितके निःशंक नाहीं.

मातोश्रींच्या बोलण्यांत तथ्य आहे, यांत शंका नाहीं. मराठींत आईला एकेरी, देवाला एकेरी. जेथें जीव जडला तेथें 'अहो' गळून पडतें. ही चाल नवी नव्हे, असें वडिलांनींच आम्हांस पूर्वीं शिकविलें होतें. संस्कृत नाटकांत राजाला सारे 'देव', 'महाराज' म्हणतात. एकटा विदूषक त्याला 'वयस्य', म्हणजे मित्रा, म्हणून हांक मारतो, आणि राजाहि उलट तेंच संबोधन योजितो. हा विदूषक जातीचा ब्राह्मण, मोदकांवर जीव टाकणारा, प्राकृतांत बोलणारा. परंतु त्याला केवळ हंसण्यावारी नेणें ही आपली चूक होय. देवलांमुळें मराठी घरांस परिचित झालेल्या 'मृच्छकटिका'मध्यें चारुदत्ताचें वैभव गेलें तरी मैत्रेय त्याला सोडीत नाहीं. आणि शेवटीं मित्राला वधस्तंभाकडे नेत असतां, त्याच्या लहानग्या मुलाचें बोट धरून त्याच्या भेटीस येतो तोहि हा विदूषकच. भरतमुनींनीं आठ रस सांगितले, त्यांत हास्याच्या पुढचाच करुण आहे. वडील म्हणत, "ही शेजारची खोली आहे. मधलं दार कधीं उघडेल याचा नेम नाहीं."

विनोदी नटासाठीं घरेंच्या घरें कां रडतात, याचें आम्हांस सुचणारें उत्तर असें. एकत्र कुटुंबांत रडणें पुष्कळदां एकट्यानें, उशींत तोंड खुपसून होतें. हंसणें मात्र सर्वांच्या देखत होतें. आमच्या घरांत वडिलांसमोर सुना मोठ्यानें बोलत नसत. परंतु लक्ष्या पडद्यावर आला कीं बैठकींतल्या सुना आणि आंतल्या खोलींतले सासरे एकाच क्षणीं हंसत. जी मर्यादा मोडण्याचें धैर्य आम्हां कोणांत नव्हतें, ती तो कोणाचा अपमान न करतां घटकाभर बाजूला ठेवी. त्याच्याबरोबर हंसलेलीं माणसें एकेक करून घरांतून गेलीं, वडीलहि गेले. आज तो चित्रपट लागला कीं आंतल्या खोलीच्या दाराकडे आमची मान नकळत वळते. म्हणून तो गेला तेव्हां आम्ही जे रडलों, ते निव्वळ त्याच्यासाठीं रडलों असें नव्हे. आपल्या घराच्या भरल्या दिवसांचा एक साक्षीदार गेला, हें दुःख त्यांत होतें.

येथवर सारें मातोश्रींच्या बाजूचें झालें. आतां वडिलांची बाजू सांगणें प्राप्त आहे, आणि ती सांगतांना आम्हांस आमचाच एक अपराध कबूल करावा लागत आहे.

१९९२ सालीं 'एक होता विदूषक' हा चित्रपट आला. लेखन पु. ल. देशपांडे यांचें, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचें, आणि नायक लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशांतील एका सोंगाड्याची ती कहाणी: लोकांना हंसवतां हंसवतां तो मोठा होत जातो, आणि त्याचें स्वतःचें आयुष्य मात्र हातून निसटत जातें. त्या वर्षीं सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला; परंतु तिकिटाच्या खिडकीवर तो चालला नाहीं. आम्ही सहकुटुंब गेलों होतों. मध्यंतरांत चहा घेतांना, "लक्ष्या हंसवीत नसेल तर पैसे कशाला खर्चायचे?" असें जें कोणी म्हणालें, तें दुसरें कोणी नसून आम्हीच होतों. ज्यानें इतकीं वर्षें आमच्यासाठीं सोंगें घेतलीं, त्यानें एकदां सोंग उतरवून आपलें काळीज पुढें ठेविलें. आणि आम्हीं तें परत केलें. पुढें त्यांस लोकांनीं विनोदाच्याच चौकटींत पाहिलें. आम्हीहि त्याच लोकांतले.

एकेरी नांवाचा हा दुसरा पदर होय. जो घरचा, त्याची चौकशी आपण करीत नाहीं. पाहुण्याला विचारतों, "प्रकृति कशी आहे?" घरच्या पोराला म्हणतों, "अरे, तेवढा पाट आण." लक्ष्याला आम्हीं जन्मभर पाट आणावयासच सांगितलें. तो थकला असेल, त्यालाहि कांहीं सांगावयाचें असेल, हें आमच्या ध्यानींमनीं आलें नाहीं. मग एके दिवशीं तो गेला आणि आम्हीं डोळ्यांना पदर लावला. तो शोक खोटा नव्हता. परंतु त्यांत न फेडलेल्या ऋणाची टोंचणी होती, हेंहि खोटें नव्हे.

हें ऋण वेळेवर फेडतां येतें, याचें एक सुखद उदाहरण अलीकडेंच घडलें. 'बनवाबनवी'मधील बेर्डे यांचे सोबती अशोक सराफ यांस २०२३ सालचा 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार मिळाला, आणि २०२५ सालीं 'पद्मश्री' जाहीर झाली. ती बातमी वाचून मातोश्रींनीं देवापुढें साखर ठेविली. त्या इतकेंच म्हणाल्या, "एकाला तरी हयातींत मिळालं."

दिवाळीनंतर आमच्या गांवांत एका विनोदी नाटकाचा प्रयोग होता. आम्हीं त्या मुलाला नेलें. मातोश्रीहि हट्टानें आल्या. मुलगा पोट धरधरून हंसला. प्रयोग संपल्यावर मातोश्री काठी टेंकीत टेंकीत रंगपटांत गेल्या. तोंडाचा रंग पुसत बसलेला तो नट त्यांच्या नातवाच्या वयाचा होता. तो उठून पायां पडला. मातोश्रींनीं हात जोडले व म्हटलें, "आपण फार श्रम घेतलेत. आम्हांला पोटभर हंसवलंत. प्रकृतीला जपा." त्या नटाला काय बोलावें तें सुचेना.

परततांना रिक्षांत मुलानें विचारलें, "पणजी, तो तर केवढासा होता. तूं त्याला 'आपण' काय म्हणालीस?"

मातोश्री म्हणाल्या, "घरीं गेल्यावर एकेरी म्हणूं कीं. समोर आहे तोंवर 'आपण'च म्हणावं. तुझे पणजोबा सांगायचे."